लागू असलेले सर्व पर्याय निवडा : नर्सिंग परवाना परीक्षेतील बहुउत्तरी प्रश्न कसे सोडवावेत

सोलापुरातल्या माझ्या दवाखान्यात गेल्या काही वर्षांत एक ठरावीक तक्रार येऊ लागली आहे. पंचवीस ते पस्तीस वयाची सिस्टर, रात्रपाळी करून थेट आलेली. "सर, झोप लागत नाही, छातीत धडधडतं." ईसीजी व्यवस्थित, थायरॉइड व्यवस्थित, हिमोग्लोबिन थोडे कमी. आणखी दोन प्रश्न विचारले की खरे कारण बाहेर येते : एनक्लेक्सची तयारी चालू आहे. सोबत आलेली आई किंवा नवरा मला बाजूला घेऊन विचारतो, "डॉक्टर, ही कॉलेजात पहिली यायची. मग याच परीक्षेत का अडकते?"

या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा एका विशिष्ट प्रकारच्या प्रश्नांत असते. खाली पाच-सहा किंवा त्याहून जास्त पर्याय असतात आणि वर सूचना असते, लागू असलेले सर्व पर्याय निवडा. इंग्रजी सूचनेच्या आद्याक्षरांवरून मुली त्यांना 'साटा' म्हणतात. हा लेख परीक्षा देणाऱ्या सिस्टर आणि ब्रदरसाठी आहे, तसाच त्यांच्या घरच्यांसाठीही. मी नर्सिंगचा शिक्षक नाही, एमबीबीएस डॉक्टर आहे. पण माझ्याकडे चार वर्षे काम केलेल्या एका सिस्टरबरोबर हे प्रश्न बसून सोडवले आहेत, आणि पहिल्या दिवशी वीसपैकी फक्त आठ पूर्ण बरोबर आले, ते माझे!

परीक्षा नेमकी काय आहे?

एनक्लेक्स-आरएन ही अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करण्यासाठी लागणारी परवाना परीक्षा. शिकागो येथील नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंग ही संस्था ती घेते. कॅनडाने २०१५ पासून आणि ऑस्ट्रेलियाने २०२० पासून, परदेशात शिकलेल्या काही नर्सेससाठी, हीच परीक्षा स्वीकारली आहे. भारतात मुंबई, हैदराबादसारख्या मोठ्या शहरांतल्या केंद्रांवर ती देता येते. सोलापूरकरांना ही दोन्ही ठिकाणे एका रात्रीच्या प्रवासावर आहेत.

परीक्षा संगणकावर होते. किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न, वेळ ५ तास. तुमच्या उत्तरांवरून संगणक पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरवतो. तुम्ही पात्रतेच्या रेषेच्या वर आहात की खाली याची ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा थांबते. म्हणून ८५व्या प्रश्नावर पडदा बंद झाला याचा अर्थ पास असाही नाही आणि नापास असाही नाही. घरच्यांनी त्यावरून पेढेही आणू नयेत आणि तोंडही पाडू नये.

१ एप्रिल २०२३ पासून परीक्षेचे स्वरूप बदलले. रुग्णाची एक सविस्तर कहाणी आणि तिच्यावर सहा प्रश्न, अशा तीन कहाण्या प्रत्येकाला येतात. शिवाय बहुउत्तरी प्रश्नांचे गुण देण्याची पद्धत बदलली. हा बदल समजून न घेता केलेली तयारी हेच अडखळण्याचे एक मोठे कारण मला दिसले. बाजारात अजून जुन्या नोट्सच्या झेरॉक्स फिरतात. "बरोबर पर्याय तीनच असतात", "सगळे पर्याय कधीच बरोबर नसतात" असे नियम त्यांत लिहिलेले असतात. हे दोन्ही चूक आहे. एक पर्याय बरोबर असू शकतो, सगळेही असू शकतात.

आपल्या मुलींना हे जड का जाते?

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा लिहून द्यायची असते. व्याख्या, कारणे, लक्षणे, नर्सिंग केअर प्लॅन. तिथे आठवेल तेवढे लिहिणे फायद्याचे. एम्सच्या नॉरसेटसारख्या भरती परीक्षेत चार पर्याय आणि एकच उत्तर असते, चुकल्यास एक तृतीयांश गुण कापतात. तिथे पर्यायांची आपापसात तुलना करायची, तीन बाद करायचे आणि उरलेला टिकवायचा, ही सवय लागते. बहुउत्तरी प्रश्नात नेमकी हीच सवय घात करते. इथे पर्याय एकमेकांचे स्पर्धक नाहीत. सहा पर्याय म्हणजे सहा वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर हो किंवा नाही एवढेच आहे.

माझे बारा प्रश्न चुकले तेही याच कारणाने. आम्ही डॉक्टर मंडळी एका निदानाच्या मागे धावतो. ते सापडले की बाकीच्या गोष्टी मनात फिक्या होतात. नर्सला मात्र दर तासाला रुग्णाजवळ उभे राहून प्रत्येक बारीक बदलाचा वेगळा निकाल लावायचा असतो. परीक्षा तेच तपासते.

गुण कसे मिळतात : एक उदाहरण

हे उदाहरण मी स्वतः तयार केले आहे.

हृदय कमकुवत झालेल्या ६८ वर्षांच्या रुग्णाला डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड चालू आहे. सकाळी तपासताना नर्सला खालील गोष्टी आढळल्या. यांपैकी कोणत्या गोष्टी डॉक्टरांना लगेच कळवायला हव्यात? लागू असलेले सर्व पर्याय निवडा.

१. हृदयाचे ठोके मिनिटाला ५२
२. रक्तातील पोटॅशियम ३.०
३. मळमळ, जेवण नकोसे
४. कालपेक्षा वजन अर्धा किलो कमी
५. दिव्याभोवती पिवळसर वलये दिसतात
६. रक्तदाब १२४/७८

बरोबर पर्याय चार : १, २, ३ आणि ५. ठोके साठच्या खाली गेले की डिगॉक्सिनचा पुढचा डोस थांबवून विचारायचे असते. फ्युरोसेमाइडने लघवीवाटे पोटॅशियम जाते, आणि पोटॅशियम कमी झाले की डिगॉक्सिनचे विष लवकर चढते. मळमळ आणि पिवळे दिसणे ही त्याचीच चिन्हे. वजन अर्धा किलो उतरले, कारण अंगातले पाणी निघते आहे. औषध द्यायचे कारणच ते. रक्तदाब व्यवस्थित आहे.

आता गुण. २०२३ पूर्वी चारही अचूक निवडले तरच गुण मिळे, एक जरी राहिला तरी शून्य. आता प्रत्येक बरोबर निवडीला अधिक एक आणि प्रत्येक चुकीच्या निवडीला उणे एक. एकूण बेरीज शून्याखाली जात नाही. बरोबर पर्याय निवडायचा राहिला तर त्याचा एक गुण मिळत नाही, पण वेगळी कपात होत नाही.

माझ्या सिस्टरने १, २ आणि ५ निवडले. मळमळ सोडली, कारण "मळमळ तर कोणालाही होते, सर." तिला चारपैकी तीन गुण. जुन्या पद्धतीत शून्य मिळाले असते. दुसऱ्या एखाद्याने वजनाचाही पर्याय जोडला असता तर तीन उणे एक, म्हणजे दोन. आणि कोणी हुशारी करून सहाही निवडले तर चार उणे दोन, तेही दोनच. सगळेच निवडून सुटका होत नाही, ती याचमुळे.

यावरून अंदाजाचा एक साधा हिशेब निघतो. एखाद्या पर्यायाबद्दल मन अर्ध्याहून जास्त 'हो'कडे झुकत असेल तर निवडा. अर्ध्याहून कमी असेल तर सोडा. अगदी मधोमध असेल तर निवडला काय, सोडला काय, सरासरीत फरक पडत नाही. अशा वेळी तिथे तीन मिनिटे घालवणे हेच नुकसान. आणि सहापैकी एकाचीही खात्री नसेल तर त्यातल्या त्यात पटणारा एक निवडा. शून्याखाली जाता येत नाही, त्यामुळे पहिल्या निवडीत गमावण्यासारखे काही नसते.

एक प्रकार यापेक्षा वेगळा आहे. काही प्रश्नांत "तीन पर्याय निवडा" असा आकडाच दिलेला असतो. त्यात चुकीच्या निवडीला उणे गुण नाहीत. म्हणून तिथे दिलेला आकडा पूर्ण करायचाच. खात्रीचे दोनच मिळाले म्हणून तिसरा रिकामा ठेवू नका. बो-टाय नावाच्या प्रश्नातही असेच : मध्ये एक आजार, डावीकडे दोन कृती, उजवीकडे लक्ष ठेवायच्या दोन गोष्टी, पाच जागांचे पाच गुण, कपात नाही. मात्र तक्ता देऊन प्रत्येक स्तंभात लागू असलेले सगळे खाने निवडायला सांगितले असेल, तर पुन्हा अधिक-उण्याचा हिशेब लागतो. म्हणून सूचना वाचताना 'सर्व' हा शब्द आहे की आकडा आहे, हे आधी बघावे. दोन सेकंदांचे काम आहे.

प्रश्न कसा वाचावा

पर्यायांकडे जाण्याआधी प्रश्नाचा शेवट पुन्हा वाचा आणि मनातल्या मनात मराठीत सांगा. भाषांतर करायचे नाही. शेजारच्या काकूंना सांगावे तसे सांगायचे : "हे आजोबा आहेत, हृदयाची गोळी चालू आहे, आणि यातली काळजीची गोष्ट कोणती ते विचारतात." सिस्टरला हे आधी पोरकट वाटले. पण पंधरा दिवसांत तिच्या प्रश्न चुकीचा वाचून झालेल्या चुका निम्म्यावर आल्या. इंग्रजी चांगले असूनही दडपणाखाली डोळे वाक्यावरून घसरतात.

सर्वांत जास्त घसरगुंडी होते ती रुग्णाला शिकवण्याच्या प्रश्नांत. वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्या रुग्णाला घरी सोडताना नर्सने समजावून सांगितले आहे. रुग्ण पुढील वाक्ये बोलतो :

१. "मी मऊ ब्रशने दात घासेन."
२. "मेथी, पालक, शेपू आता पूर्ण बंद."
३. "दात काढायचा असेल तर डॉक्टरांना या गोळीबद्दल सांगेन."
४. "एक दिवस गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेईन."
५. "गुडघा दुखला तर दुकानातून दुखण्याची गोळी आणेन."
६. "शौचाला काळी झाली तर लगेच कळवेन."

प्रश्न असा असेल, की रुग्णाला समजले आहे हे कोणत्या वाक्यांवरून कळते, तर उत्तर १, ३, ६. पण प्रश्न जर असा असेल, की कोणत्या वाक्यांवरून रुग्णाला आणखी समजावण्याची गरज दिसते, तर उत्तर उलटते : २, ४, ५. औषधाची सगळी माहिती असलेली मुलगी घाईत पहिल्या अर्थाने वाचते आणि सहाच्या सहा निकाल उलटे देते. तीन चुकीच्या निवडी, गुण शून्य. म्हणून असा प्रश्न दिसला की दिलेल्या कोऱ्या पाटीवर किंवा मनात एक शब्द लिहा : 'चूक शोध' किंवा 'बरोबर शोध'. मग प्रत्येक पर्यायाला तो शब्द लावा.

(जाता जाता, ही गोळी तुमच्या घरात कोणाला चालू असेल तर पालेभाजी बंद करायची गरज नसते. दर आठवड्याला साधारण तेवढ्याच प्रमाणात खावी, कारण तिच्यातल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो. एकदम बंद किंवा एकदम भरपूर, दोन्ही वाईट. राहिलेल्या गोळीसाठी दुप्पट डोस कधीच नाही. आणि डॉक्टरांना न विचारता दुखण्याची गोळी घेऊ नये, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.)

प्रश्नात नसलेली गोष्ट स्वतःहून जोडू नये, हा दुसरा मुद्दा. "पण रुग्णाला शुगर असेल तर?" प्रश्नात शुगर नाही, म्हणजे नाही. अनुभवी सिस्टरना हा त्रास जास्त होतो. त्यांनी इतके पेशंट पाहिलेले असतात की प्रत्येक वाक्यामागे त्यांना एक खरा चेहरा दिसतो.

वॉर्डातला अनुभव कधी मदत करतो, कधी अडवतो

परीक्षेतले रुग्णालय आदर्श असते. तिथे पुरेसे मनुष्यबळ आहे, ऑक्सिजन भिंतीत आहे, औषध कपाटात आहे. आपल्याकडे साठ खाटांच्या वॉर्डात दोन सिस्टर असतात आणि रुग्णाला वळवणे, भरवणे, बेडपॅन देणे हे नातेवाईक करतात. परीक्षेत "नातेवाइकांना सांगा" हे उत्तर सहसा चालत नाही. कोणते काम सहायकाला देता येते आणि कोणते नर्सनेच करायचे, यावर तिथे भरपूर प्रश्न असतात. ठोबळ नियम असा : स्थिर रुग्णाचे आंघोळ घालणे, चालवणे, ठरलेल्या वेळी तापमान-रक्तदाब मोजणे हे सहायकाचे. तपासून अर्थ लावणे, शिकवणे, परिणाम झाला का हे ठरवणे हे नर्सचे. आपल्या रुग्णालयांत ही रेघ इतकी ठळक नसते, म्हणून ती मुद्दाम पाठ करावी लागते.

दुसरी अडचण म्हणजे "डॉक्टरांना कळवा" हा पर्याय. आपल्याकडे सिस्टरला शिकवलेलेच असते की आधी सरांना फोन. (त्यात आम्हा डॉक्टरांचा दोष मोठा आहे. स्वतः निर्णय घेतलेल्या सिस्टरला आम्ही ओरडतो आणि न घेतलेल्या सिस्टरलाही ओरडतो.) परीक्षेत कळवणे बरोबर असू शकते, पण त्याआधी नर्सने स्वतः करायचे काही असते आणि तेही निवडावे लागते. उदाहरणार्थ, रक्त चढवायला सुरुवात करून दहा मिनिटे झाली. रुग्णाला थंडी वाजून आली, कंबर दुखते, ताप चढला. काय करावे? रक्त तात्काळ थांबवणे, नवीन नळीने सलाइन लावून शीर चालू ठेवणे, नाडी-रक्तदाब-श्वास तपासणे, डॉक्टरांना आणि रक्तपेढीला कळवणे, पिशवी व नळी रक्तपेढीकडे परत पाठवणे, हे सगळे बरोबर. "रक्ताचा वेग कमी करणे" चूक, कारण एक थेंबही पुढे जाऊ द्यायचा नाही. "पिशवी पिवळ्या बॅगेत टाकणे" हा पर्याय आला तर आपली सिस्टर हमखास निवडते. आपल्याकडे जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेली रक्ताची पिशवी पिवळ्या बॅगेतच जाते, तो हात बसलेला असतो. पण प्रतिक्रिया आली असेल तर ती पिशवी हा पुरावा आहे, कचरा नाही. हे आपल्या वॉर्डालाही तितकेच लागू आहे.

कधी अनुभव सरळ कामी येतो. सोलापूरचा मे महिना पाहिलेल्या नर्सला उष्माघाताचा प्रश्न पुस्तकाशिवाय सुटावा. यंत्रमागावर काम करणारा माणूस बेशुद्धीकडे झुकलेला, बडबडतोय, अंगात १०५ फॅरनहाइट. कपडे काढून पाणी फवारून पंखा लावणे, काखेत आणि जांघेत बर्फ, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, शिरेतून सलाइन, हे सगळे हो. तोंडाने ओआरएस पाजणे नाही, कारण शुद्ध नसताना पाणी फुप्फुसात जाते. तापाची गोळीही नाही, कारण हा ताप जंतुसंसर्गाचा नव्हे आणि पॅरासिटामॉलने तो उतरत नाही. प्रश्नात 'पॅरासिटामॉल' असे लिहिलेले मात्र नसेल. अमेरिकेत त्याला अॅसिटामिनोफेन म्हणतात. तसेच आपले साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल, अॅड्रिनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड. ब्रँडची नावे परीक्षेत नसतात. लॅसिक्स, डेरिफायलिन अशा नावांनी औषध ओळखणाऱ्यांनी मूळ नावांची वही आधी करावी. अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि नंतर रोज उपयोगी पडते.

सराव

रोज शंभर प्रश्न सोडवल्याचे मुली अभिमानाने सांगतात. मी विचारतो, चुकलेल्यांचे काय केले? बहुतेक वेळा स्पष्टीकरण वाचून पुढे गेलेल्या असतात. त्यापेक्षा रोज वीस बहुउत्तरी प्रश्न घ्यावेत आणि प्रत्येक पर्यायापुढे तीन-चार शब्दांत कारण लिहावे, निवडला तर का आणि सोडला तर का. उत्तर बरोबर आले पण कारण चुकीचे होते, असे निघाले तर तो प्रश्न चुकलाच असे धरावे.

महिन्याभराची अशी वही समोर ठेवली की चुकांचे वळण दिसते. आमच्या सिस्टरच्या वहीत निघाले ते अनपेक्षित होते. तिची चुकीची निवड फार कमी होती. तिचे गुण जात होते ते बरोबर पर्याय सोडल्यामुळे. जुन्या 'सगळे किंवा शून्य' नियमाची भीती आणि "तीनच निवडायचे" ही झेरॉक्समधली शिकवण तिच्या हातात बसली होती. ज्ञान कमी नव्हते, हात आखडता होता. दुसऱ्या एकाच्या बाबतीत याच्या उलट असू शकते, तो दिसेल ते निवडत असेल. दोघांना एकच सल्ला देऊन चालणार नाही. म्हणून आधी वही, मग उपाय.

वेळेचे गणित सोपे आहे. ५ तासांत १५० प्रश्न, म्हणजे सरासरी दोन मिनिटे. बहुउत्तरी प्रश्नाला थोडा जास्त वेळ लागला तरी चालतो, एकउत्तरी प्रश्न लवकर होतात. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही. त्यामुळे पर्यायावर एकदा निकाल दिला की पुन्हा तिथे जाऊन डगमगू नये. नवीन कारण सापडले तरच बदलावे, फक्त भीती वाटली म्हणून नाही. बहुउत्तरी प्रश्न खूप आले म्हणजे आपण पास होतोय, असा एक समज पसरलेला आहे. प्रश्नाचा प्रकार आणि त्याची काठिण्यपातळी या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय पहिल्या ८५ पैकी १५ प्रश्न केवळ चाचणीसाठी असतात, त्यांचे गुण धरत नाहीत आणि ते कोणते हे कळत नाही. परीक्षेत बसून निकालाचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे.

घरच्यांसाठी

ही परीक्षा महाग आहे. नोंदणी शुल्क २०० डॉलर, अमेरिकेबाहेर केंद्र घेतल्यास आणखी १५० डॉलर आणि कर. त्याआधी कागदपत्रांच्या पडताळणीचा खर्च, क्लासची फी. आमच्या सिस्टरने गळ्यातले गहाण ठेवले होते आणि घरात ते सगळ्यांना माहीत होते. पहिल्या वेळी ती नापास झाली. दवाखान्यात येऊन तिने मला ते सांगितले, पण सासूबाईंना सांगायला तिला चार दिवस लागले.

नापास झाल्यास एक अहवाल मिळतो. त्यात प्रत्येक विभागात तुम्ही पात्रतेच्या रेषेच्या वर, जवळ की खाली, हे दिलेले असते. तो फेकून देऊ नका, पुढचा अभ्यास त्यावरूनच ठरतो. पुन्हा परीक्षा देण्यासाठी ४५ दिवस थांबावे लागते. ती दुसऱ्या वेळी पास झाली. पण पास होणे म्हणजे विमानाचे तिकीट नव्हे, हेही घरात आधीच बोलून ठेवा. इंग्रजीची परीक्षा, राज्याचा परवाना आणि व्हिसा हे टप्पे वेगळे आहेत, आणि भारतात जन्मलेल्यांसाठी अमेरिकेच्या ग्रीन कार्डची रांग अनेक वर्षांची आहे. एजंट "सहा महिन्यांत अमेरिका" म्हणत असेल तर पैसे देण्याआधी हे त्याला विचारा.

आता माझ्या मूळ विषयाकडे, म्हणजे धडधड आणि झोप. बरेच जण परीक्षेसाठी 'शांत होण्याची गोळी' मागतात. अल्प्राझोलामसारख्या गोळीने भीती कमी होते, पण लक्ष आणि स्मरणही मंदावते. परीक्षेच्या सकाळी ती घेणे म्हणजे स्वतःचे गुण स्वतः कापणे. प्रोप्रानोलॉल धडधड थांबवते म्हणून मैत्रिणीकडून मागून घेतात. दमा असणाऱ्यांत ती धोकादायक ठरू शकते, आणि नाडी-रक्तदाब आधीच कमी असेल तर चक्कर येते. कोणतीही गोळी पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशी घेऊ नये आणि डॉक्टरांशिवाय तर नाहीच. छातीत दुखणे, चालताना धाप, बेशुद्ध पडणे, वजन झपाट्याने उतरणे असे काही असेल तर 'टेन्शन आहे' म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या. सतत रडू येणे, जगणे नकोसे वाटणे असे बोलली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणा.

ज्यांची रात्रपाळी आहे त्यांनी परीक्षेआधीचे किमान दहा दिवस दिवसपाळी मागून घ्यावी, नाहीतर सकाळी आठला मेंदू झोपेच्या वेळेत असतो. रजेचा अर्ज महिनाभर आधी द्या. परीक्षेच्या दिवशी उपवास नको, मग तो चतुर्थीचा असो की गुरुवारचा. भाकरी-भाजी, अंडे किंवा उपमा असे नेहमीचे खाणे बरे, बाहेरचे नवीन काही नको. चहा रोजचा तेवढाच.

आणि एक कागदी गोष्ट, जी आपल्याकडे लग्न झालेल्या मुलींना हमखास नडते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, पासपोर्टवर मधले नाव कधी वडिलांचे तर कधी नवऱ्याचे. परीक्षा केंद्रावर ओळख म्हणून पासपोर्ट दाखवावा लागतो आणि त्यावरचे नाव परीक्षेच्या परवानगीपत्रावरील नावाशी जुळले नाही तर आत सोडत नाहीत, भरलेले शुल्कही जाते. हे अर्ज भरतानाच तपासा. नाव बदलायचे असेल तर त्याला महिने लागतात. केंद्र हैदराबादला असो की मुंबईला, परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या गाडीने निघू नका. एक दिवस आधी पोहोचा, केंद्र कुठे आहे ते संध्याकाळी जाऊन बघून या, आणि दहाला झोपा.